आपलं घर कुठल्या हाताला?

ओपीडीत दर आठवड्याला एक प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही, शेजाऱ्यांचं नाव ऐन वेळी सुचत नाही. मला अल्झायमर होतोय का हो?" विचारणारे बहुधा साठीच्या आसपासचे असतात. ते स्वतःहून, एकटे, वेळेवर आलेले असतात आणि परत कसं जायचं तेही त्यांना नीट ठाऊक असतं. त्यांतल्या बहुतेकांना मी धीर देऊन घरी पाठवतो.

पण इतक्या वर्षांत "डॉक्टर, मी रोजच्या रस्त्यावर चुकलो" असं सांगत स्वतःहून आलेले पेशंट मला हाताच्या बोटांवर मोजता येतील. ही गोष्ट लोक लपवतात. घरचे तिच्यावर हसतात आणि विसरून जातात. मीही तेच केलं, आणि तेही माझ्या वडिलांच्या बाबतीत. म्हणून आज वाट सापडण्याबद्दल आणि चुकण्याबद्दल लिहितोय.

२०१९ सालची गोष्ट. आम्ही कोथरूडला राहतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. डेक्कनला त्यांच्या मित्रांचा कट्टा भरायचा. तिथून कर्वे रस्त्यानं चालत किंवा बसनं घरी, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. एका संध्याकाळी ते दीड तास उशिरा आले. घामाघूम झालेले आणि चिडलेले. "त्या मेट्रोनं सगळं खोदून ठेवलंय. कुठून कुठं जायचं काही कळत नाही," म्हणाले. पुण्यात राहणाऱ्यांना आठवत असेल, तेव्हा कर्वे रस्त्याची अवस्था खरंच तशी होती. पत्रे लावलेले, वळणं बंद, बसस्टॉप हलवलेले. मी स्वतः नळ स्टॉपला दोनदा चुकीच्या लेनमध्ये घुसलो होतो. त्यामुळे मी हसलो आणि म्हणालो, "अण्णा, तुम्हीच काय, अख्खं पुणं चुकतंय." विषय संपला.

दोष शहराला दिला, इथं माझी चूक झाली. ती का झाली हे कळण्यासाठी आपण शहर डोक्यात कसं साठवतो ते थोडं बघू या.

तुमच्याकडे कुणी पहिल्यांदा येणार असेल तर तुम्ही पत्ता कसा सांगता? पिनकोड सांगत नाही. "मारुतीच्या समोरून आत या, पिठाची गिरणी लागेल, तिच्या अलीकडचा बोळ." पुण्याच्या पेठांत तर देवांची नावंसुद्धा खुणेची झाली आहेत. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर. बाहेरगावच्या माणसाला ही थट्टा वाटते, पण एका गावात डझनावारी मारुती असले की त्यातला नेमका कुठला हे सांगायला दुसरा उपाय तरी काय? गंमत म्हणजे खूण नाहीशी झाली तरी नाव टिकतं. लकडी पूल आता लाकडाचा नाही. नळ स्टॉपला नळ दाखवता येणार नाही. टिळक चौक म्हटलं की माणूस क्षणभर थांबतो, अलका टॉकीज म्हटलं की लगेच रिक्षा वळते. महापालिकेच्या पाटीवरचं शहर वेगळं असतं आणि आपण चालतो ते शहर वेगळं.

केव्हिन लिंच नावाच्या अमेरिकन नगररचनाकारानं १९६० साली यावर एक पुस्तक लिहिलं. बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या तीन शहरांतल्या रहिवाशांना त्यानं आपापलं शहर कागदावर काढायला सांगितलं, रस्ते सांगायला लावले. लोकांच्या डोक्यातल्या नकाशात त्याला पाच गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. वाटा, कडा, भाग, चौक आणि खुणा. पुण्याला हे लावून बघा. लक्ष्मी रस्ता ही वाट, मुठा नदी ही कड ("नदीपलीकडे" हा शब्द पेठेतली माणसं अजून परदेशासारखा वापरतात), पेठा हे भाग, स्वारगेट हा चौक, शनिवारवाडा ही खूण. लिंच मुठेकाठी कधी बसला असेल असं नाही, पण जमतं.

हा नकाशा प्रत्येकाचा निराळा असतो. एखाद्या रविवारी घरातल्या तिघांना वेगवेगळं बसवून घरापासून स्टेशनपर्यंतचा रस्ता काढायला सांगा. माझ्या आईच्या कागदावर मंडई आणि देवळं मोठी आली, मधले रस्ते बारीक. माझ्या मुलीनं अंधाऱ्या गल्ल्या टाळून लांबचा, दिव्यांचा रस्ता काढला. तो नकाशा बघून मला बाप म्हणून जरा वेळ गप्प बसावं लागलं. मी काढलेल्या नकाशात मेडिकलची दुकानं फार होती.

आता मेंदूकडे. कॅलिफोर्नियातल्या टोलमन या मानसशास्त्रज्ञानं १९४८ साली उंदरांवरचे प्रयोग मांडून सांगितलं, की प्राणी फक्त डावं-उजवं पाठ करत नाहीत, त्यांच्या डोक्यात जागेचा एक नकाशा तयार होतो. तेव्हा ही कल्पनाच होती. १९७१ साली लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी सापडल्या, की उंदीर खोलीच्या एका ठरावीक जागी आला की त्यातली ठरावीक पेशी सक्रिय होते. दुसऱ्या जागी गेला की दुसरी. जणू प्रत्येक कोपऱ्याला एक पेशी नेमून दिलेली. पुढे २००५ साली नॉर्वेतल्या माय-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांना हिप्पोकॅम्पसला लागूनच असलेल्या एन्टोऱ्हायनल भागात आणखी एक प्रकार सापडला. या पेशी जमिनीवर षटकोनांची जाळी आखल्यासारख्या ठरावीक अंतरांवर पेटतात, आलेखाच्या कागदावरच्या रेघा असाव्यात तशा. या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. तशाच पेशींच्या खुणा माणसाच्या मेंदूतही सापडल्या आहेत.

हिप्पोकॅम्पस म्हणजे समुद्रघोडा, आकारावरून पडलेलं ग्रीक नाव. दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या पोटात तो असतो. कालच्या गोष्टी आठवण्याचं कामही त्याचंच.

वाट शोधायच्या मेंदूकडे दोन पद्धती असतात. एक, पाठ केलेली वाट: इथं डावीकडे, मग सिग्नल, मग उजवीकडे. ही सवय आहे, तिचं काम मेंदूतले दुसरे भाग बघतात. दुसरी, नकाशा: रस्ता बंद असला तरी "स्टेशन साधारण त्या अंगाला आहे, मागच्या गल्लीतून निघू" हे ज्याच्या जोरावर सुचतं ती. आपण रोज दोन्ही वापरतो. लंडनमधल्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करून परीक्षा द्यावी लागते, त्यात तीन-चार वर्षं जातात. एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं, की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. मग त्यांनी तुलना केली बसचालकांशी. तेही दिवसभर त्याच लंडनमध्ये गाडी चालवतात, पण ठरलेल्या मार्गावर. त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७९ शिकाऊ चालकांचे आधी आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे नंतरही स्कॅन केले. परीक्षा पास झालेल्या ३९ जणांच्याच त्या भागात वाढ झाली होती. थोडक्यात, मोठ्या हिप्पोकॅम्पसची माणसं टॅक्सीकडे वळली असं नव्हे, शिकण्यानं तो वाढला.

इथं एक प्रश्न हमखास येतो: "मग गुगल मॅप वापरू नको का?" मी वापरतो. अनोळखी गावात रात्री अकरा वाजता अभिमान काय कामाचा? पण फोनचा आवाज ऐकून वळत गेलं की आपण बसचालक होतो, टॅक्सीचालक नाही. मॅप जास्त वापरणाऱ्यांची जागेची स्मृती काही वर्षांत अधिक घसरते असं सांगणारे अभ्यास आहेत, पण ते लहान आहेत, त्यावरून कुणाला घाबरवणार नाही. २०२४ साली टॅक्सी आणि रुग्णवाहिका चालवणाऱ्यांत अल्झायमरनं होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण इतर व्यवसायांपेक्षा कमी असल्याचा अमेरिकेतला अभ्यास आला आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर खूप फिरला. तो नोंदींवरचा अभ्यास आहे. वाट लक्षात ठेवल्यानं आजार टळतो असं त्यातून सिद्ध होत नाही. मुळातच ज्यांची ही क्षमता चांगली तेच त्या धंद्यात टिकत असतील. मला स्वतःला त्यापेक्षा दुसरा एक अभ्यास आवडतो. ३८ देशांतल्या सुमारे ४ लाख लोकांना मोबाइलवर वाट शोधण्याचा खेळ खेळायला दिला होता. सरळ काटकोनी रस्त्यांच्या शहरात वाढलेल्यांपेक्षा वेड्यावाकड्या रस्त्यांच्या ठिकाणी किंवा शहराबाहेर वाढलेल्यांची कामगिरी बरी निघाली. पेठेतल्या बोळांना नावं ठेवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

अण्णांकडे परत येतो. कर्वे रस्त्यावरच्या त्या संध्याकाळनंतर आणखी दोन-तीनदा काहीतरी झालं असणार, पण आम्ही नोंद घेतली नाही. मग २०२० उजाडलं आणि सगळेच घरात बसलो. घरात त्यांना काही अडचण नव्हती. बाथरूम, देवघर, गॅलरी, सगळं बिनचूक. वर्तमानपत्र वाचायचे, जुन्या पुण्याच्या गप्पा मारायचे. पानशेतच्या पुरात, १९६१ साली, पाणी कुठल्या वाड्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं होतं हे ते गल्लीगल्लीनं सांगायचे. आम्ही म्हणायचो, अण्णांची स्मरणशक्ती बघा! लॉकडाऊननं त्यांचा आजार झाकला, कारण नकाशा लागेल असं कुठलंच काम त्यांना राहिलं नव्हतं.

जुनं पुणं इतकं शाबूत कसं, यालाही उत्तर आहे. १९९९ साली एका अमेरिकन पेशंटबद्दल प्रसिद्ध झालं होतं. संसर्गानं त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचं मोठं नुकसान झालं होतं. आजारपणानंतर तो ज्या भागात राहायला आला तिथले रस्ते त्याला अजिबात शिकता आले नाहीत. पण पन्नास वर्षांपूर्वी सोडलेल्या गावात इथून तिथं कसं जायचं, रस्ता बंद असेल तर कुठून वळायचं, हे तो बसल्या जागी बरोबर सांगायचा. फार जुने नकाशे हिप्पोकॅम्पसच्या बाहेर, मेंदूच्या इतर भागांत मुरलेले असतात. म्हणून म्हाताऱ्या माणसानं बालपणीचं गाव घडाघडा सांगितलं तर ते ऐका जरूर, पण त्यावरून "डोकं ठणठणीत आहे" असा दाखला देऊ नका. मी दिला होता.

२०२१ च्या दिवाळीनंतर अण्णा रिक्षानं सदाशिव पेठेत निघाले, माझ्या चुलतभावाकडे. त्याच जागेवरच्या वाड्यात ते जन्मले, चाळीस वर्षं राहिले. आता तिथं इमारत आहे, पण बोळ तोच. दुपारी मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. एका दुकानदारांनी अण्णांच्या खिशातल्या डायरीतून माझा नंबर काढला होता. "डॉक्टर, तुमचे वडील पेरूगेटला माझ्या दुकानासमोर तासभर उभे आहेत. पाणी दिलंय, बसवलंय. तुम्ही या." मी गेलो. अण्णा स्टुलावर बसले होते. मला बघून आधी त्यांना हायसं वाटलं, मग लाज वाटली. गाडीत बसल्यावर हळू आवाजात म्हणाले, "हे पेरूगेट आहे ते कळतंय रे मला. ती पोलीस चौकी, ती शाळा. पण आपलं घर कुठल्या हाताला, तेच समजेना."

तिथं मेट्रो नव्हती. पत्रे नव्हते. शहराला दोष द्यायला जागाच उरली नव्हती.

अण्णांचं हे वाक्य मी विद्यार्थ्यांना सांगतो, इतकं ते अचूक आहे. खूण ओळखणं आणि त्या खुणेवरून दिशा काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. मेंदूच्या मागच्या बाजूला, दोन्ही अर्धांच्या मधल्या फटीलगत एक पट्टा असतो. "मी इथं उभा आहे, तोंड या बाजूला आहे, म्हणून घर त्या हाताला" हे गणित जुळवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. तो बिघडला की माणसाला चौक ओळखू येतो, पण चौकातून निघता येत नाही. अल्झायमरमध्ये हा पट्टाही लवकर सापडतो. आणि मघाशी सांगितलेला, षटकोनी जाळी आखणारा एन्टोऱ्हायनल भाग? या आजाराची गुंतवळ सर्वांत आधी दिसते त्या भागांपैकी तो एक. म्हणून काही पेशंटमध्ये नावं विसरण्याच्या बरोबरीनं, क्वचित आधीही, वाट चुकणं सुरू होतं.

अण्णांच्या तपासण्या झाल्या. बी-१२ कमी होतं, ते भरून काढलं. एका कानाला कमी ऐकू येत होतं, यंत्र बसवलं. एमआरआय आणि स्मृतीच्या चाचण्या बघून न्यूरोलॉजिस्ट सहकाऱ्यांनी जे सांगितलं ते मला पेरूगेटलाच कळलं होतं. दोन वर्षं आधी कळतं तर आजार थांबला असता का? नाही. आज आपल्याकडे सर्रास दिली जाणारी औषधं लक्षणं काही काळ सावरतात, इतकंच. पण ती दोन वर्षं अण्णा एकटे घाबरत होते, आणि आम्ही त्यांच्या चिडचिडीला वय म्हणत होतो. बँकेचे कागद, जमिनीचा प्रश्न, हे सगळं त्यांनी तेव्हा स्वतः समजून सही करून मिटवलं असतं. नंतर ते आम्हाला त्यांच्याशिवाय करावं लागलं. आणि कट्ट्यावर त्यांना सोबत मिळाली असती. मला सर्वांत जास्त टोचतं ते हे.

मग काळजी कधी करायची?

काही माणसांना जन्मापासूनच दिशा कळत नाही. मॉलच्या एका दारानं आत गेली की दुसऱ्यानं बाहेर पडल्यावर त्यांना गाव नवं वाटतं. हा आजार नाही. वयानं नवी वाट शिकायला वेळ लागतो, तेही स्वाभाविक आहे. बघायचं ते एवढंच, की हा माणूस पूर्वी कसा होता आणि आता कसा आहे. नेहमीच्या रस्त्यावर चुकणं, ओळखीच्या इमारतीत मजला किंवा जिना चुकणं, चुकल्यावर सावरता न येणं, किंवा चुकण्याच्या भीतीनं बाहेर जाणंच टाळू लागणं. यातलं शेवटचं सर्वांत फसवं, कारण घरच्यांना ते "आता अण्णांना घरच आवडतं" असं दिसतं. रस्ता खोदलेला असेल, वन-वे बदलला असेल, तरीही एकदा स्वतःला विचारा: खोदकाम नसतं तर हे चुकले असते का? बरोबर चालून बघा, उत्तर मिळतं.

हे सगळं काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक झालं असेल, माणूस भलतंच बोलत असेल, एका बाजूची ताकद गेली असेल, तर वाट बघू नका, थेट रुग्णालय गाठा. तो पक्षाघात असू शकतो, सोडियम उतरलेलं असू शकतं, लघवीचा संसर्ग असू शकतो, झोपेच्या नव्या गोळीचा परिणाम असू शकतो. हळूहळू होत असेल तरी प्रत्येक वेळी अल्झायमरच असतो असं नाही. थायरॉइड, बी-१२, नैराश्य, मोतीबिंदू, कमी ऐकू येणं यांतलं बरंच काही दुरुस्त होतं. म्हणूनच तर दाखवायचं.

निदान झालं असेल तर

कुलूप लावून घरात ठेवू नका. रोज तीच वाट, त्याच वेळी, सोबतीनं चाला. घर बदलणं, खोलीतलं सामान हलवणं शक्य तेवढं टाळा. खिशात नाव, आजार आणि दोन फोन नंबर लिहिलेलं कार्ड ठेवा. अण्णांची डायरी नसती तर त्या दुकानदारांनी काय केलं असतं? कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, रिक्षास्टँड, वॉचमन यांना विश्वासात घ्या. यात कसली अब्रू जात नाही. फोनवर लोकेशन शेअर करून ठेवा, पण फोन घरी विसरला जाणार हे गृहीत धरा. माणूस परतला नाही तर चोवीस तास थांबायचं असतं हा गैरसमज आहे. लगेच ११२ ला फोन करा, चौकीत जा. शोधताना आधी जुनं घर, जुनं ऑफिस, जुना रस्ता बघा. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, सल्ल्यासाठी ती वापरा. गाडी चालवणं कधी थांबवायचं यावर वेगळा लेख लिहीन, तो वादाचा विषय आहे आणि आमच्याही घरी झाला.

एक विनंती. पेशंटला दाखवायला आणाल तेव्हा "विसरतात" एवढंच सांगू नका. कुठं चुकले, किती वाजता, रस्ता किती ओळखीचा होता, मग घरी कसे पोचले, हे चार ओळींत लिहून आणा. आणि मी पेशंटला "आज कसे आलात, कुठून वळलात?" असं विचारलं, तर कृपा करून त्यांच्या वतीनं उत्तर देऊ नका. तो गप्पांचा प्रश्न नसतो.

अण्णांना मी अजून रविवारी गाडीतून पेठेत नेतो. अलका चौक आला की ते सरळ बसतात आणि मला एकेक वाडा दाखवायला लागतात, त्यातला निम्मा आता उभा नाही. कुठं वळायचं हे मात्र ते आता सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही.